परमुलखातला जन्म आणि वर्षाची मुदत

इंग्रजी अंमलातील दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा ज्याने एकदा नीट पाहिला आहे, त्याला हे ठाऊक असते की सातारा, पुणे, रत्नागिरी हे खालसा जिल्हे आणि कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, सावंतवाडी ही संस्थाने एकमेकांत पुरती गुंतलेली होती, आणि खालशातले माहेर व संस्थानातले सासर यांत कित्येकदा दोन गावांचेही अंतर नसे. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या आपल्या रूढीमुळे पहिले मूल खालशात जन्मले तर ते बादशहाचे जन्मसिद्ध प्रजाजन ठरे, आणि दुसरे काही अडचणीने सासरीच जन्मले तर ते तसे ठरत नसे. घरात, शेतात, जत्रेत हा भेद कोणाच्या गावीही नसे. परंतु तीच दोन भावंडे पुढे वयात येऊन मुंबई बंदरातून परदेशी निघाली म्हणजे एकाच्या पासपोर्टावर जन्माने ब्रिटिश प्रजाजन अशी आणि दुसऱ्याच्या पासपोर्टावर ब्रिटिशांच्या संरक्षणातील व्यक्ती अशी नोंद पडे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, हे दोघे जपानात किंवा अमेरिकेत जाऊन राहिले व तेथे त्यांना अपत्ये झाली, तर पहिल्याचे अपत्य बापाच्या जन्मभूमीच्या जोरावर ब्रिटिश प्रजाजन होई, आणि दुसऱ्याचे मात्र, त्याच्या आजीच्या बाळंतपणाची खोली सरहद्दीच्या कोणत्या अंगास होती एवढ्याच कारणाने, त्या हक्काला मुके.

परमुलखात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आणि त्याला मायदेशी आणण्यासाठी लागणारे प्रवासाचे कागद यांचा इतिहास हा वरवर पाहता कचेऱ्यांचा, शिक्क्यांचा आणि मुदतींचा इतिहास आहे. परंतु थोडे खोल गेले म्हणजे दिसते की मूल कोणाचे, ते कोणाच्या नावावर ओळखावयाचे, आणि आईच्या नावाला राज्याच्या दप्तरात काही किंमत आहे की नाही, हाच त्याचा खरा विषय आहे. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर माझे मत असे बनले आहे की, बापाचे नाव हेच एकमेव प्रमाण मानणे आणि जन्माची नोंद वर्षाच्या आत झालीच पाहिजे असा दंडक घालणे, या दोन्ही गोष्टी आपण इंग्रजांच्या कायद्यातून उचलल्या. आपली राज्यघटना त्यांहून मनाने मोठी होती. आणि निदान आईच्या बाबतीत तरी घटनेच्या त्या औदार्यापाशी परत येण्यास आपणास चार दशकांहून अधिक काळ लागला.

जुन्या राजवटींना हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांचे परवाने वाटेचे असत, वाटसराच्या कुळाशी त्यांना कर्तव्य नसे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जो कार्ताझ देत तो गलबताला असे. पुढे कान्होजी आंग्र्यांचे दस्तक घेतलेले गलबतही त्या दस्तकाच्या बळावर कोकणकिनाऱ्याने निर्वेध जाई. त्या गलबतावर कोणाचे तान्हे मूल आहे याची विचारपूस करण्याचे कारण नव्हते. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती, आणि त्यांच्या नोंदवह्यांत प्रत्येकाला क्रमांक देऊन नाव, वय, जात, गाव असा तपशील लिहिला गेला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या या वह्या आज तेथील मराठी कुटुंबांना आपल्या मूळ गावाचा पत्ता लावून देतात. पण लिहिल्या गेल्या त्या वेळी त्यांत हिशेब होता तो मळेवाल्यांच्या मजुरीचा. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या तेव्हाही पासपोर्टाची सक्ती नव्हती. ही सक्ती आली ती १९१४ च्या महायुद्धाबरोबर, आणि युद्ध संपले तरी ती उठली नाही. हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्याजवळ पासपोर्ट असलाच पाहिजे असे नियम करण्याचा अधिकार सरकारने १९२० च्या कायद्याने आपल्या हाती कायमचा घेतला.

आता ज्या कायद्याच्या छायेत आपण दीडशे वर्षे राहिलो त्याचे मूळ पाहू. राजाच्या भूमीवर जन्मला तो राजाचा, हे इंग्लंडचे जुने सूत्र; १६०८ साली कॅल्व्हिनच्या खटल्यात न्यायाधीशांनी ते पक्के केले. परंतु समुद्रापलीकडे राहणाऱ्या इंग्रज घराण्यांच्या मुलांना इंग्लंडातील वारसा मिळण्यात विघ्ने येत, म्हणून त्याच्याही फार आधी, १३५१ साली, तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटाने परदेशी जन्मलेल्यांसाठी एक कायदा केला होता. या कायद्याचा हेतू जमिनीच्या वारशाचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढच्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो. त्यात आई आणि बाप दोघेही राजाशी एकनिष्ठ असावेत अशी अट होती, म्हणजे आईचे अस्तित्व निदान मान्य केलेले होते. १७३० च्या कायद्याने आई गळाली आणि बापच काय तो उरला. १७७२ च्या कायद्याने बापाचा बापही प्रमाण मानला, आईचा बाप अर्थातच नाही. १९१४ साली जो साम्राज्यव्यापी कायदा झाला त्याने ही साखळी तोडून एकाच पिढीवर आणली: बाप स्वतः बादशाही मुलखात जन्मलेला असेल तरच परदेशी जन्मलेले त्याचे मूल प्रजाजन होईल. याच कायद्यात असेही कलम होते की परक्या देशाच्या पुरुषाशी लग्न करणारी स्त्री परकीच ठरेल. तेव्हा आपल्या मुलांना जे द्यावयाचे तेच तिच्याजवळ उरत नसे.

एकाच पिढीची ही मर्यादा, परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करून राहिलेल्या इंग्रज कुटुंबांना जाचू लागली, आणि १९२२ साली दुरुस्ती होऊन पुढच्या पिढ्यांनाही दार उघडले गेले. मात्र दोन अटींवर. एक, मुलाचा जन्म झाल्यापासून वर्षाच्या आत तो ब्रिटिश कॉन्सलच्या कचेरीत नोंदवला गेला पाहिजे. आणि दुसरी, मूल एकवीस वर्षांचे झाल्यावर पुन्हा एका वर्षात त्याने आपण होऊन आपला हक्क सांगितला पाहिजे. आज दुबईच्या वा टोकियोच्या भारतीय वकिलातीत जन्मनोंदणीचा अर्ज देणाऱ्या बापाला जी वर्षाची मुदत सांगितली जाते तिचा उगम या १९२२ च्या दुरुस्तीत आहे. तिचा हेतू परदेशात स्थिरावलेल्या सुखवस्तू घराण्यांची राजनिष्ठा ताडून पाहण्याचा होता. परदेशी राबणाऱ्या गरिबाचा विचार ती घालताना कोणी केला नव्हता.

बादशाही मुलखाच्या आतसुद्धा हिंदी मुलाची वाट निर्धोक नव्हती, आणि याचे सर्वांत कडवट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील हिंदी लोकांत गुजरातेतील व्यापारी होते, मद्रासकडील मजूर होते, आणि केपटाऊनमध्ये रत्नागिरी-कुलाब्याकडून गेलेले कोकणी मुसलमानही होते, ज्यांचे वंशज आजही तेथे कोकणी म्हणून ओळखले जातात. यांपैकी पुष्कळांची बायकामुले गावाकडे असत. पुरुष काही वर्षांनी परत येई, मुलाचे तोंड पाही, आणि पुन्हा जहाजावर चढे. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या अखेरीस त्या देशाचा दौरा करून, तेथील मंत्र्यांशी बोलून परतले, त्याला पुरते सहा महिनेही झाले नव्हते तोच मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न त्या देशाच्या कायद्याला मान्य नाही. एका मुसलमान गृहस्थाच्या पत्नीला बंदरावर उतरू न देण्यातून हा खटला उद्भवला होता. परंतु त्या निकालाच्या फटक्याने सहस्रावधी हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचे पत्नीपण आणि त्यांच्या लेकरांचे औरसपण एकाच दिवशी संशयात पडले. गावच्या मांडवात, चार पाहुण्यांच्या साक्षीने लागलेले लग्न लग्नच नव्हे असे ठरले, तर त्या लग्नाचे मूल बापाचे मूल म्हणून बंदरावर उतरणार कसे? कस्तुरबाई गांधी आणि इतर स्त्रिया त्या सप्टेंबरात सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या, त्यामागे हा अपमान होता. १९१४ च्या हिंदी लोकांच्या दुःखनिवारणाच्या कायद्याने एक पत्नी व तिची अल्पवयीन मुले यांना मान्यता मिळाली; आणि १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला की वसाहतींत कायम वास्तव्य करणाऱ्या हिंदी माणसास एक पत्नी आणि तिची मुले आणता यावीत, मात्र ती खरोखरच त्याची कायदेशीर पत्नी व मुले आहेत असा हिंदुस्थान सरकारचा दाखला प्रत्येकाजवळ असावा.

हा दाखला म्हणजे आपल्या देशात बाप आणि मूल यांचे नाते सरकारी मोहोर लावून परराज्यापुढे सिद्ध करण्याचा एक आरंभ म्हणावा लागेल. त्या काळी जन्मनोंदणीचा १८८६ चा कायदा होता तो ऐच्छिक होता, आणि खेड्यापाड्यांत मुलाचे वय दुष्काळ, प्लेग किंवा जमाबंदी यांच्या आगेमागे सांगितले जात असे. ज्यांच्याजवळ मुळात कागदच नाही, अशांकडून दूरच्या बंदरावरचा अधिकारी कागदाचीच मागणी करतो, हे संकट तेव्हापासून आजतागायत गरीब प्रवाशाच्या वाट्यास आलेले आहे, आणि कायदे करणाऱ्यांनी त्याची पुरेशी जाणीव कधी ठेवलेली दिसत नाही.

याच सुमारास पासपोर्टालाही आजचे पुस्तकी रूप आले. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा एक नमुना ठरवून दिला. त्या नमुन्यात कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली पत्नीला एक जागा होती आणि मुलांना काही ओळी. छायाचित्र आईबापांचे, मुलाचे केवळ नाव, वय आणि मुलगा की मुलगी एवढेच. तान्ह्याला निराळे पुस्तक देण्याची कल्पनाच नव्हती. पुढे कित्येक दशके आपल्याकडेही परदेशात मूल जन्मले म्हणजे आई वकिलातीत आपला पासपोर्ट नेई आणि तेथील कारकून शाईने त्यात मुलाचे नाव लिहून गोल शिक्का मारी. ही पद्धत सोयीची होती हे निर्विवाद. परंतु तिच्या पोटी असा अर्थही होता की मूल हा आईबापांच्या सामानासारखाच एक भाग आहे, आणि आजोबांबरोबर वा आत्याबरोबर त्याला निराळे धाडावयाचे तर त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नाही. मुलांची चोरून ने-आण करणाऱ्यांना ही पद्धत फावते हे ध्यानी आल्यावर आणि पासपोर्ट यंत्राने वाचण्याचे युग आल्यावर प्रत्येक माणसास त्याचे स्वतंत्र पुस्तक हा नियम देशोदेशी रूढ झाला. ब्रिटनने १९९८ साली मुलांची नावे आईबापांच्या पासपोर्टात नव्याने लिहिणे थांबवले, आणि आपल्याकडेही आता चार दिवसांच्या बाळाला त्याचे स्वतःचे पुस्तक मिळते. सही करता न येणाऱ्या त्या बाळाचा, मुलगा असेल तर डाव्या आणि मुलगी असेल तर उजव्या हाताचा अंगठा अर्जावर उमटविण्याची रीत मला मोठी अर्थपूर्ण वाटते. कारण राज्याच्या दप्तरात त्या जिवाने स्वतःच्या हाताने केलेली ती पहिली खूण होय.

सरकार ज्यांना पासपोर्टच देत नव्हते अशांच्या मुलांचे काय होई, याची साक्ष वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या चरित्रात मिळते. गदर चळवळीत पडल्यामुळे इंग्रज सरकारने त्यांना मायदेशाची दारे बंद केली. फिरत फिरत ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मका आणि गहू यांवरील संशोधनाने त्या देशात नाव मिळवते झाले आणि तेथेच बेल्जियन कुळातील स्त्रीशी विवाह करून संसारी झाले. त्यांच्या दोन कन्या मेक्सिकोत जन्मल्या. बापाच्या देशाचा राज्यकर्ता बापालाच ओळखत नव्हता, तेव्हा त्या नात्याने मुलींना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता; आसरा मिळाला तो त्यांच्या जन्मभूमीचा. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली खानखोजे येथे आले, पुढे नागपुरास स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच वारले.

खानखोजे परत आले त्याच वर्षीच्या ऑगस्टात घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे आली. एक कलम सोडले तर मसुदा समितीला या विषयाइतका ताप दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नाही, असे डॉक्टर आंबेडकरांनी ती मांडताना सांगितले होते, आणि फाळणीने उठवलेला निर्वासितांचा प्रलय डोळ्यांपुढे असताना त्यात नवल नाही. पण त्या गदारोळात परदेशस्थ भारतीयांसाठी जे आठवे कलम लिहिले गेले त्याकडे अभ्यासकांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. ज्याचा स्वतःचा, ज्याच्या आईबापांपैकी कोणाही एकाचा, अथवा चार आजीआजोबांपैकी कोणाही एकाचा जन्म १९३५ च्या कायद्यातील अखंड हिंदुस्थानात झाला आहे, अशा परदेशी राहणाऱ्या माणसाने तेथील भारतीय वकिलाकडे नाव नोंदवले की तो भारताचा नागरिक मानला जाईल, असे ते कलम सांगते. आईचा जन्म पुरेसा आहे. आईच्या आईचाही पुरेसा आहे. वर्षाची मुदत नाही. इंग्रजी कायद्याने दोनशे वर्षांपूर्वी जी आई दप्तराबाहेर काढली होती ती या एका कलमाने सन्मानाने आत आली.

दुर्दैवाने घटनेची ही कलमे घटनेच्या आरंभकाळापुरती होती; पुढच्या जन्मांसाठी संसदेने कायदा करावयाचा होता, आणि तो व्हायला १९५५ चा डिसेंबर उजाडला. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत परदेशी जन्मलेल्या भारतीय बालकांच्या नागरिकत्वास पायाभूत असा कायदाच नव्हता. नव्या कायद्याने २६ जानेवारी १९५० पासून मागील प्रभावाने त्यांना पदरात घेतले. गोविंद वल्लभ पंतांनी मांडलेल्या या कायद्याच्या चौथ्या कलमात मात्र इंग्रजी कायद्याची छाया पुन्हा पडली: परदेशी जन्मलेले मूल नागरिक होईल ते जन्माच्या वेळी त्याचा बाप भारताचा नागरिक असेल तर. आणि बापही परदेशीच जन्मलेला, वंशाच्या नात्यानेच नागरिक झालेला असेल, तर मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे, किंवा बाप सरकारी नोकरीत असला पाहिजे. म्हणजे १९२२ ची दुरुस्ती लंडनहून दिल्लीस आली आणि आपली म्हणून नांदू लागली. परक्या देशाच्या पुरुषाशी विवाह केलेली भारतीय स्त्री आता स्वतःचे नागरिकत्व राखू शकत होती, परंतु परमुलखात जन्मलेल्या आपल्या मुलाला ते देऊ शकत नव्हती. सहा वर्षांपूर्वी आजीचा जन्म ग्राह्य धरणाऱ्या देशाने आईचा अधिकार नाकारावा, याचे समर्थन मला कोठेही सापडत नाही.

आईला वगळणाऱ्या आणि बापाच्या बापाचा दाखला मागणाऱ्या कायद्याने काय अनर्थ होतो हे आपल्या शेजारीच दिसत होते. सिलोनच्या १९४८ च्या कायद्याने बापाचा अथवा बापाकडील आजोबा-पणजोबांचा त्या बेटावरील जन्म सिद्ध करणे आवश्यक ठरवले, आणि चहाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लाखो तमिळ मजूर, ज्यांच्या वाडवडिलांच्या जन्माची नोंद कोणीच केली नव्हती, एका फटक्यात देशहीन झाले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला तेव्हा अशा ९ लाख ७५ हजार लोकांपैकी सव्वापाच लाख भारताने आणि तीन लाख सिलोनने घ्यावेत असे ठरले, उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे व्हावयाचा होता. आणि करारात असेही होते की या लोकांबरोबर त्यांच्यात होणारी नैसर्गिक वाढही त्या त्या देशाच्या हिश्शाला जाईल. ही नैसर्गिक वाढ म्हणजे त्यानंतर मळ्यांवरच्या खोल्यांत जन्मणारी अर्भके. ती जन्मण्याआधीच दोन राज्यांच्या वाटणीपत्रकात मांडली गेली होती.

गोव्याची गोष्ट याहून निराळी आणि आपल्या फार जवळची आहे. गोमंतकीय माणूस मुंबईस आला तरी कायद्याच्या दृष्टीने तो परदेशात येत होता, आणि नैरोबी, कंपाला, दारेस्सलाम येथे कारकुनी, शिवणकाम वा स्वयंपाकाची चाकरी करणारे गोमंतकीय तर आपल्या मुलांची नोंद पोर्तुगीज कॉन्सलकडे करीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि मार्च १९६२ मध्ये निघालेल्या हुकुमाने ठरवले की ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा, वा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म त्या मुलखात २० डिसेंबर १९६१ पूर्वी झाला असेल तो भारताचा नागरिक. मात्र एका महिन्याच्या आत लेखी देऊन त्याला जुने नागरिकत्व राखता येईल. येथे पुन्हा आई आणि आजी प्रमाण मानल्या गेल्या, हे विशेष. सात वर्षांपूर्वीच्या कायद्यापेक्षा या हुकुमाचा कर्ता घटनेच्या आठव्या कलमाला अधिक जागला. पोर्तुगालने गोव्याचे विलीनीकरण १९७४ च्या शेवटच्या दिवशी झालेल्या तहाने मान्य केले, परंतु तेथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क सर्वस्वी पुसला नाही. त्यामुळे आज बार्देश-सालसेतचा एखादा तरुण आजोबांच्या जन्माचा पोर्तुगीज भाषेतील दाखला शोधून, आधी वडिलांची नोंद आणि मग आपली नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती दप्तरात करून घेतो, आणि त्या पासपोर्टावर युरोपात जातो. जुन्या नोंदणीचे काम पोर्तुगीजांनी गावोगाव चोख ठेवले होते, म्हणूनच हे शक्य होते. मात्र आपल्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यातील नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारताचे गमावतो, आणि लिस्बनमधील ती नोंद हीच अशी स्वेच्छा होय काय, या प्रश्नाने गोव्यातील अनेक घरांत काळजी उत्पन्न केलेली आहे.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी, रायगडातील खेड, दापोली, चिपळूण, महाड या तालुक्यांतून कुवेत, दुबई, मस्कत, दोहा येथे माणसे जाऊ लागली, तेव्हा परमुलखातला जन्म ही मोठ्या व्यापाऱ्यांच्या घरातली गोष्ट न राहता कोकणातल्या सामान्य कौलारू घराची गोष्ट झाली. कुवेतचा १९५९ चा आणि अमिरातींचा १९७२ चा कायदा भूमीवरील जन्माने नागरिकत्व देत नाही. मूल तेथे जन्मले, तेथे शाळेत गेले, तेथेच मोठे झाले तरी ते बापाच्या देशाचे. म्हणून त्याच्यासाठी भारतीय वकिलातीची नोंद हा एकमेव आधार. त्यासाठी तेथील आरोग्यखात्याचा अरबी जन्मदाखला लागतो. तो मिळण्यासाठी तेथील कित्येक राज्यांत दीर्घकाळ आईबापांच्या विवाहाचा दाखला दाखवावा लागे. आणि गावच्या काजीने वा भटजीने लावलेल्या लग्नाचा सरकारी कागद पुष्कळांपाशी नसे. केपटाऊनच्या न्यायालयातील १९१३ चा प्रश्न साठ वर्षांनी आखाताच्या वाळूत असा पुन्हा उभा राहिला. जिच्यापाशी विवाहाचा कागद नाही, किंवा जिचा नवरा तिला टाकून गेला आहे, अशा घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या तान्ह्याची अवस्था तर सर्वांत बिकट. कारण बापाच्या नावावाचून आपला कायदा तिला ओळखत नव्हता.

हा दोष अखेर १९९२ साली दूर झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमलात आलेल्या दुरुस्तीने चौथ्या कलमातील बापाच्या जागी आईबापांपैकी कोणीही एक असे शब्द आले. परंतु त्या दिवसापूर्वी परदेशी जन्मलेल्या, केवळ आईच भारतीय असलेल्या मुलांना तिचा लाभ मिळाला नाही. एकाच आईची दोन मुले, एक दुरुस्तीआधी जन्मलेले आणि एक नंतरचे, पुन्हा दोन निराळ्या राष्ट्रांची ठरली. मागील प्रभावाने कायदा कसा लावावा हे १९५५ साली ज्या संसदेला माहीत होते तिला १९९२ साली तेवढे करता आले असते.

त्यानंतर, ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वर्षाची ती जुनी मुदत, जी तोवर परदेशातच जन्मलेल्या बापांच्या मुलांपुरती होती, ती परदेशी जन्मणाऱ्या प्रत्येक भारतीय मुलास लागू केली. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी हवी. शिवाय मुलापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यावयाचे, आणि जन्मानेच दुसऱ्याही देशाचे नागरिकत्व लाभलेले मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते दुसरे नागरिकत्व सोडणार नसेल तर त्याचे भारतीयत्व संपावयाचे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचे मराठी आईबाप या पेचातून बहुधा निराळ्या वाटेने जातात: तो देश आपल्या भूमीवर जन्मलेल्यास नागरिक मानतो, म्हणून मुलाला तेथलाच पासपोर्ट घ्यावयाचा आणि भारतासाठी २००६ पासून मिळू लागलेले परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड काढावयाचे. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात, म्हणून मुदत चुकली तरी त्यांचे मूल निराधार होत नाही. आखातातल्या मजुराच्या मुलाला वाट एकच आहे, आणि वर्षाचा तो दंडक सर्वांत कठोरपणे पडतो तो त्याच्याच डोक्यावर. सुट्टी मिळत नाही, मालकाच्या ताब्यात पासपोर्ट अडकलेला असतो, वकिलात दूरच्या शहरात असते, आणि बारा महिने निघून जातात. मुदत राखावयाचीच असेल तर विलंब माफ करण्याचा अधिकार दिल्लीऐवजी तेथल्या तेथे, वकिलातीतील अधिकाऱ्याच्या हाती असावा, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

आपल्याच कायद्यात याहून समंजस वृत्तीचा नमुना आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याचे विसावे कलम असे सांगते की परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाची नोंद तेथील वकिलातीत राहून गेली, ते आईबापांबरोबर भारतात कायमच्या वास्तव्यासाठी आले असता, आल्या दिवसापासून साठ दिवसांत त्याचा जन्म येथल्या निबंधकाकडे नोंदवता येतो. या कलमाने नागरिकत्व मिळत नाही, केवळ जन्माची नोंद होते. परंतु मूल घरी पोहोचले आहे या गोष्टीपासून ते आपली मुदत मोजते.

आईच्या नावाचा प्रश्न मात्र १९९२ नंतरही पासपोर्टाच्या अर्जात शिल्लक राहिला होता, कारण त्या अर्जात बापाचे नाव लिहिणे आवश्यकच मानले जाई, आणि एकटीने मूल वाढवणाऱ्या स्त्रीस त्या एका रकान्यापाशी अडवले जाई. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मातेच्या अर्जावर निकाल देताना केवळ आईच्या नावावर मुलीला पासपोर्ट द्यावा असा आदेश दिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलून आई, बाप किंवा पालक यांपैकी कोणाही एकाचे नाव पुरेसे असल्याचे जाहीर केले.